वायरलेसमधल्या इंटरफिअरन्सवर पीएचडी करतोय, प्रत्यक्षात कुणाला उपयोग होतो का याचा?

अर्धवट_शास्त्री
नमस्कार मंडळी, एवढे दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतोय. विषय वायरलेस चॅनलमधला इंटरफिअरन्स, म्हणजे एकाच्या सिग्नलमध्ये दुसऱ्याच्या सिग्नलची लुडबुड. गाईड म्हणतात इंटरफिअरन्स अलाइनमेंट घे. ज्यांचा हा प्रांत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा जोड्या आहेत, दहा पाठवणारे आणि दहा ऐकणारे. सरळ हिशोब असा की पाळी लावा, प्रत्येकाला एक दशांश वेळ. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनहून सय्यद जाफर आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा पेपर आला, त्यात दाखवलं की पाठवणाऱ्यांनी सिग्नल अशा बेताने रचायचे की प्रत्येक ऐकणाऱ्याकडे बाकीच्या नऊ जणांचा गोंगाट एकाच अर्ध्या भागात एकावर एक जाऊन पडेल, उरलेला अर्धा स्वच्छ. दहा असोत की शंभर, सिग्नल पुरेसा दणकट असेल तर प्रत्येकाला निम्मं.

गोम अशी की त्यासाठी प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे चॅनल (म्हणजे सिग्नल वाटेत कसा बदलत जातो ते) आधीच तंतोतंत माहीत हवेत, आणि चालत्या गाडीतल्या फोनचा चॅनल काही मिलिसेकंदात पालटतो. मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ झकास येतो. पण माझा एक जुना विद्यार्थी टेलिकॉममध्ये आरएफला (रेडिओ सिग्नलच्या विभागात) आहे, त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला, म्हणे सर आमच्याकडे इंटरफिअरन्स म्हणजे कुठल्यातरी दुकानातला रेंज वाढवायचा बूस्टर.

तर फील्डवरच्या लोकांना विचारायचंय, तुम्हाला रोज दिसणारा इंटरफिअरन्स नक्की कसला असतो, आणि संशोधन करणाऱ्याने त्यातलं काय सोडवलं तर तुम्ही चहा पाजाल?

निवांत
पहिला! जागा धरून बसतोय, टॉवरवाले येऊ देत.

मावशी_बोरिवली
मला त्या दहा जोड्यांचं काही कळलं नाही पण संध्याकाळी सात ते दहा आमचं वायफाय मेल्यासारखं होतं त्याचं काय ते सांगा. कंपनीचा मुलगा येऊन राउटर बंद-चालू करून जातो. आणि मायक्रोवेव्ह लावला की लेकीचं झूम तुटतं, हे मी सांगितलं तर घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

सुपरहेट
मावशी, लेकीला सांगा आई बरोबर आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि जुनं वायफाय २४०० ते २४८३ मध्ये. ओव्हनच्या दारातून जे काही थोडं झिरपतं ते तब्येतीला काही करत नाही पण राउटरच्या चिमुकल्या सिग्नलपुढे ते लई झालं. एक गंमत सांगतो, साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारी नळी) विजेच्या प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागातच चालतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे साधारण १० मिलिसेकंद चालू, १० बंद. त्या बंदच्या फटीत पॅकेट घुसवायचं यावर लोकांनी रीतसर संशोधन केलंय.

संध्याकाळचं दुखणं वेगळं आहे. तेव्हा सगळी बिल्डिंग घरी असते. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनलायझर टाकून बघा, कुणीतरी दीडशहाणा ३ वर किंवा ८ वर बसलेला असणार, त्याला वाटतं इथे गर्दी नाही. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आपापली पाळी बघतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचा राउटर दुसऱ्याला समजतच नाही, नुसती खरखर म्हणून पोचतो. त्यामुळे तो स्वतः मरतो आणि दोन्ही बाजूच्यांना पण घेऊन जातो. तुम्ही सरळ ५ गिगावर जा.

मावशी_बोरिवली
आमच्या राउटरवर ५ आहे म्हणे पण बेडरूममध्ये पोचत नाही. असो, मायक्रोवेव्हचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलाय 😊

टॉवरवाला
आलो. ड्युटीवरनं आत्ताच सुटलो, मोठं लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

सर, तुमच्या विद्यार्थ्याने बरोबर सांगितलं पण अर्धंच. आमच्याकडे इंटरफिअरन्सची तक्रार बहुतेक वेळा अपलिंकची असते, म्हणजे फोनकडून टॉवरकडे. टॉवर ओरडतो, ते सगळ्यांना ऐकू जातं. फोन बिचारा कुजबुजतो, ते ऐकायला टॉवरचा कान फार तीक्ष्ण लागतो, आणि तिथेच घाण येते. थ्रीजीच्या काळात रिकाम्या सेक्टरची (टॉवरचा एका दिशेचा भाग) रिसीव्ह पातळी वजा १०५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असायची, त्याखाली निसर्गच जाऊ देत नाही. एका बाजारपेठेतल्या सेक्टरला ती वजा ८५ दिसायला लागली. २० डीबी म्हणजे शंभरपट. ग्राहकाच्या फोनवर दांड्या फुल आणि कॉल मात्र लागत नाही, कस्टमर केअरला शिव्या. दुकानं उघडली की सुरू, बंद झाली की गायब, यावरूनच ओळखायचं. यागी अँटेना (एका दिशेला रोखायचा) आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन गल्लीगल्लीत फिरलो, लोकांना वाटलं वीजचोरी पकडायला आलेत, दोन-तीन जणांनी पटापट वायरी ओढल्या. शेवटी एका लॉजच्या गच्चीवर यागी सापडली, केबल खाली तळघरात, आणि तिथे ऑनलाइन घेतलेला बूस्टर. मालक म्हणाला रेंज नाय म्हणून बसवला, तुमचंच काम मी केलं! त्याचं आत-बाहेरचं आयसोलेशन अपुरं म्हणून तो बूस्टर स्वतःचंच ऐकून स्वतःच शिट्टी मारत होता आणि आख्ख्या सेक्टरचा नॉइज वर ढकलत होता. हे विनापरवाना बूस्टर बेकायदा आहेत, वायरलेस मॉनिटरिंगवाले अधूनमधून धाडी टाकतात, पण एक काढला की दोन लागतात.

दुसरा प्रकार पीआयएम, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन. हा डोकं खातो. दोन फ्रिक्वेन्सीज गंजलेल्या किंवा ढिल्या जोडावर पडल्या की तो जोड डायोडसारखा वागतो आणि तिसरीच पैदा करतो. हिशोब बघा, डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) ९३५ आणि ९६० मेगाहर्ट्झ, दोनदा ९३५ वजा ९६० म्हणजे ९१०. आणि ९०० बँडची अपलिंक ८९० ते ९१५. म्हणजे बरोबर कानात! बरं दोन फ्रिक्वेन्सीज एकाच कंपनीच्या पाहिजेत असंही नाही, एकाच गच्चीवर दोघांचे अँटेना आणि समोर गंजका पत्रा असला तरी भागतं. वारा सुटला की वाढतो, पाऊस पडला की कधी कमी होतो, आणि तुम्ही पोचलात की लाजतो. उपाय काय तर कनेक्टर खोलून साफ करा, टॉर्क रेंचने घट्ट करा, पत्रा हलवा.

या दोन्हीत तुमची अलाइनमेंट काय करणार सांगा.

भिडू
प्रबंधाचं शीर्षक ठरलं: 'गंजक्या बोल्टाचे सामाजिक जीवन'. मार्गदर्शक: पाना नंबर १३.

हॅम्या
टॉवरवाल्यांना +१. आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले लोक 'रस्टी बोल्ट' कधीपासून ओरडतोय. आमच्या ७ मेगाहर्ट्झवर तर आता एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर, लिफ्टचा ड्राइव्ह आणि सोलर इन्व्हर्टर यांचंच संमेलन भरलेलं असतं. फिल्टरचे चार रुपये वाचवलेले असतात आतून. मी घरातला मेन स्विच पाडून बॅटरीवर रेडिओ लावतो आणि मग एकेक एमसीबी वर करत जातो, चोर बरोबर सापडतो. शेजाऱ्यांचे एमसीबी पाडता येत नाहीत हेच दुःख.

जुन्नरकर
इंटरफिअरन्सचा धागा आणि खोडदचं नाव नाही? आमच्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मधोमध आणि १६ तीन हातांवर पसरलेल्या, सगळ्यात लांबच्या दोघींत २५ किलोमीटर. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांनी ही जागा निवडली त्यात आजूबाजूचे डोंगर आणि शहरांपासूनचं अंतर हे मोठं कारण, रेडिओचा गोंगाट कमी. आता नारायणगावात टोमॅटोच्या मार्केटला उभं राहून बघा, प्रत्येकाच्या खिशात दोन फोन.

किती नाजूक काम आहे याचा अंदाज यावा म्हणून हिशोब करून बघा. चंद्रावर एक वॅटचा साधा जीएसएम फोन ठेवला आणि त्याची ताकद २०० किलोहर्ट्झमध्ये पसरली तर इथे अडीचशे जान्स्कीच्या (आकाशातल्या रेडिओ स्रोतांच्या तेजाचं एकक) वर भरते. आकाशातले अगदी मोजके स्रोत एवढे झगझगीत आहेत, आणि ही मंडळी एका जान्स्कीच्या हजाराव्या भागापेक्षा मंद गोष्टी शोधत असतात. चंद्रावरचा फोन सोडा, इथे फोन दहा किलोमीटरवर आहे.

अपग्रेडनंतर त्यांचे बँड साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ, पण मध्ये ८५० ते १०५० ची फट सोडलीय. टॉवरवाले ओळखतील तिथे कोण राहतं ते! आणि आता ७०० चा फाइव्हजी आला तो बरोबर त्यांच्या ५५० ते ८५० च्या बँडमध्ये येऊन बसलाय.

याच्यापायी आमची रेल्वे पण अडली. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड नारायणगावावरून जाणार होती, किती वर्षं वाट बघितली, आणि आता म्हणतात दुर्बिणीला त्रास होतो म्हणून मार्ग बदला. अभिमान आहेच हो, पण शेतकऱ्याने माल न्यायचा कसा?

भिडू
आणि बिबट्यांना रेडिओ कॉलर लावल्यात त्यांचं काय? त्यांच्याही इंटरफिअरन्सची नोंद घ्यावी.

जुन्नरकर
भिडू, बिबट्याचा इंटरफिअरन्स थेट गोठ्यात होतो, त्याला डिश लागत नाही. आमच्याकडे हा हसण्याचा विषय राहिलेला नाही.

रेवती_के
रेल्वेबद्दल थोडं असहमत. विजेवर चालणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ तारेवर घासताना ठिणग्या पडतात आणि ठिणगी म्हणजे एका फ्रिक्वेन्सीचा नाही तर सगळ्याच बँडचा कचरा, तो एकच फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या नॉच फिल्टरने काढता येत नाही. मोबाईलचा निदान पत्ता माहीत असतो. रेल्वे दहा किलोमीटर इकडेतिकडे वळवता येते, ३० डिश उचलून नेता येत नाहीत.

जुन्नरकर
ताई, वळवली तर चालेल हो, पण वळवता वळवता जुन्नर-आंबेगावच वगळलं तर? आम्ही दुर्बिणीच्या विरोधात नाही. शिल्डिंग, बोगदा, बाकी काही तोडगा काढायला इंजिनिअर आहेत ना एवढे.

संपादक_२
रेल्वेच्या मार्गावर वेगळा धागा काढावा, इथे इंटरफिअरन्सपुरतंच. (हे स्वतःच केवढं इंटरफिअरन्स झालं याची कल्पना आहे.)

सॅनहोजेकर
टॉवरवाले, तुमचं सगळं मान्य, पण थिअरीला एवढं झोडपू नका. मी इकडे चिप कंपनीत रिसीव्हर डिझाइन करतो, दोन्ही बाजूंना पाय आहे माझा.

थिअरीने एक फार मोठी गोष्ट सांगितली जी आधी कुणाच्या डोक्यात नव्हती. १९७५ साली कार्लेआल नावाच्या संशोधकाने दाखवलं की इंटरफिअरन्स जर प्रचंड मोठा असेल तर काहीच नुकसान होत नाही! शेजारच्या घरातलं भांडण आठवा. अगदी हळू चाललं असेल तर आपण आपला टीव्ही बघतो. दणक्यात चाललं असेल तर शब्द न् शब्द कळतो, मग डोक्यातून तो वजा करून टीव्हीतला डायलॉग पण ऐकू येतो. छळतं ते मधलं, धड कळत नाही धड सोडवत नाही. मधल्या पट्ट्यासाठी १९८१ मध्ये हान आणि कोबायाशी यांनी उपाय दिला की मेसेजचे दोन तुकडे करा, एक दुसऱ्यालाही उलगडता येईल असा आणि एक खाजगी. २००८ मध्ये एटकिन, चे आणि वांग यांनी सिद्ध केलं की यातूनच तयार केलेली एक सोपी स्कीम खऱ्या कमाल मर्यादेच्या एका बिटाच्या आत येते. आणि गंमत म्हणजे फक्त दोन जोड्यांसाठी सुद्धा नेमकी कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे अजून कुणाला सापडलेली नाही. या सगळ्या थिअरीचा पाया घालणारा शॅननचा पेपर १९४८ चा, विचार करा.

आणि 'फील्डवर चालत नाही' म्हणाल तर गॅलागरने एलडीपीसी नावाचे, चुका दुरुस्त करणारे कोड १९६० च्या सुमारास आपल्या थीसिसमध्ये मांडले, तेव्हा ते चालवायला कॉम्प्युटरच नव्हते, तीसेक वर्षं धूळ खात पडले. आज तुमच्या फाइव्हजीचा सगळा डेटा त्याच कोडमधून जातो.

टॉवरवाला
साहेब शेजाऱ्यांचं भांडण पटलं. पण तीस वर्षं थांबायला सरांची पीएचडी आहे का पेन्शन?

आणि बघा, आजवर प्रत्यक्षात जे चाललं ते सगळं साधं आहे. टूजीत शेजारच्या सेलला वेगळी फ्रिक्वेन्सी द्या. सीडीएमएत सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, मग जवळचा फोन लांबच्याला गिळायचा, त्यावर उपाय सेकंदाला आठशे वेळा टॉवरने सांगायचं, आवाज कमी कर, वाढव, कमी कर. फोरजीत मोठ्या सेलने अधूनमधून जवळजवळ गप्प बसायचं म्हणजे छोट्या सेलच्या कडेचे लोक बोलून घेतील. अँटेना दोन डिग्री खाली वाकवला तर जेवढा फरक पडतो तेवढा कित्येक महागड्या फीचर्सनी पडत नाही, हे माझं मत, भांडायला तयार आहे.

सॅनहोजेकर
भांडत नाही 😀 डाउनटिल्टला पर्याय नाही हे खरंय. फक्त एवढंच की 'गप्प बसा' हे कुणी कधी किती बसायचं ते ठरवायलाच तर थिअरी लागते.

हॅम्या
एक वेगळाच प्रकार राहिला, हवामानाचा. मार्च ते मे मध्ये अरबी समुद्रावर खाली दमट थंड हवा आणि वर कोरडी गरम असे थर बसतात, रेडिओ लहरी त्यांच्यामध्ये अडकतात आणि पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत कुठच्या कुठे जातात. याला डक्टिंग म्हणतात. कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांत एफएमला कान लावा, भलतीच भाषा लागते कधीकधी. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झचा रडार होता, त्याला उन्हाळ्यात हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे एको दिसायचे. हे रडारच्या जुन्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. आम्हाला हे वरदान, टॉवरवाल्यांना शाप असणार.

टॉवरवाला
शापच. टीडीडीमध्ये बोलायची आणि ऐकायची पाळी एकाच फ्रिक्वेन्सीवर असते, सगळे टॉवर जीपीएसच्या घड्याळावर, एकदम बोलतात एकदम गप्प. मधली फट ठराविक अंतरापुरती पुरते. डक्टिंग झालं की दीडदोनशे किलोमीटरवरच्या टॉवरचं बोलणं उशिरा पोचतं आणि नेमकं आमच्या ऐकायच्या वेळेत पडतं. चीनमध्ये याने एवढा वैताग दिला की थ्रीजीपीपीने (मोबाईलची मानकं ठरवणारी संस्था) रिलीज १६ मध्ये यासाठी वेगळी सोय घातली, त्रास होणारा टॉवर स्वतःची खूण असलेला सिग्नल सोडतो, तो ज्या दूरच्या टॉवरला ऐकू येतो त्याला कळतं की चोर आपणच. आलेख बघायला सुंदर असतो, वेळेच्या सुरुवातीला नॉइज उंच आणि मग उतरत जाणारा. बूस्टरचा असा नसतो.

केबल_सातारकर
आमची पण कैफियत घ्या. केबलच्या हेडएंडला (मुख्य केंद्राला) सी बँडच्या मोठ्या डिश असतात, त्यांचा एलएनबी (डिशच्या तोंडावरचा रिसीव्हर) ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झ सगळंच ओढतो. फाइव्हजी ३.३ ते ३.६७ मध्ये. जवळ टॉवर चालू झाला आणि आमची निम्मी चॅनलं चौकोन चौकोन व्हायला लागली. चॅनल त्या फ्रिक्वेन्सीवर नव्हतंच, वर होतं, पण एलएनबीच आधी गुदमरतो तर पुढं काय देणार. शेवटी एलएनबीच्या अगोदर वेव्हगाईड फिल्टर लावला तेव्हा सुटलं. ऐन मॅचच्या दिवशी झालं होतं, ऑफिसवर लोक आले होते.

सॅनहोजेकर
सातारकर, तुमच्या एलएनबीचं जे झालं तीच भीती इकडे विमानांबद्दल होती. रेडिओ अल्टिमीटर (विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारा) ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ, आणि इथला फाइव्हजी ३.७ ते ३.९८. मध्ये चांगली २२० मेगाहर्ट्झची मोकळी जागा, तरी जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर ढिसाळ. जानेवारी २०२२ मध्ये सेवा सुरू व्हायच्या वेळी एअर इंडियाने अमेरिकेच्या काही फ्लाइट रद्द केल्या होत्या, आमच्या ओळखीतलं एक कुटुंब मुंबईला अडकलं होतं. चूक पाठवणाऱ्याची की ऐकणाऱ्याच्या भोंगळ फिल्टरची, हा वाद कधीच संपत नाही.

निवांत
आता माझं पॉपकॉर्न संपलं म्हणून लिहितो, आणि हे मावशींसाठी. ऑस्ट्रेलियात पार्क्सला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिथे बरीच वर्षं एक विचित्र सिग्नल यायचा, आकाशगंगेबाहेरून आल्यासारखा वाटणारा पण पृथ्वीवरचाच असावा असा संशय. त्याला 'पेरिटॉन' असं एका काल्पनिक प्राण्याचं नाव पण दिलं. २०१५ मध्ये उलगडा झाला. कर्मचारी जेवायच्या सुट्टीत मायक्रोवेव्ह पूर्ण थांबायच्या आतच दार उघडायचे, मॅग्नेट्रॉन विझता विझता १.४ गिगाहर्ट्झवर एक उचकी द्यायचा आणि दुर्बीण त्या दिशेला असली की टिपायची.

मावशी_बोरिवली
बघा! आमच्याकडे सगळे असंच दार उघडतात, टिंग व्हायचा दम नाही कुणाला.

सुपरहेट
निवांत, भारी. उलटी गोष्ट पण आहे. बेल लॅब्जमध्ये कार्ल जान्स्कीला काम दिलं होतं की अटलांटिकपारच्या रेडिओटेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्याने २०.५ मेगाहर्ट्झचा फिरता अँटेना बांधला. वादळांची खरखर वेगळी काढली आणि एक बारीक फुसफुस उरली जी रोज चार मिनिटं आधी यायची. चार मिनिटं म्हणजे सूर्याचा नाही, ताऱ्यांचा दिवस. ती निघाली आकाशगंगेच्या मध्याकडून, १९३३ मध्ये जाहीर केलं. वर जुन्नरकरांनी जान्स्की हे एकक वापरलं ते त्याच्याच नावाचं. रेडिओ खगोलशास्त्र इंटरफिअरन्सच्या तक्रारीतूनच जन्माला आलंय. त्यामुळे शास्त्रीबुवा, उपयोग होतो का विचारू नका, फक्त कशाचा होईल ते आधी सांगता येत नाही.

अर्धवट_शास्त्री
बाप रे, दोन दिवस परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये होतो आणि इथे केवढं साचलंय. सगळ्यांचे मनापासून आभार, टॉवरवाल्यांना चहा माझ्याकडून.

वाचता वाचता एक लक्षात आलं. तुम्ही प्रत्येकाने चोर ओळखला तो त्याच्या वेळेवरून. बूस्टर दुकानांच्या वेळेत, पीआयएम वाऱ्याबरोबर, डक्टिंग उतरत्या आलेखावरून, मायक्रोवेव्ह १० मिलिसेकंदाच्या तालावर, आणि जान्स्कीने तर चार मिनिटांवरून. माझ्या सिम्युलेशनमध्ये इंटरफिअरन्स हा गॉशियन, म्हणजे निव्वळ यादृच्छिक गोंगाट, त्याला ना ताल ना वेळ. तर अपलिंकचा कच्चा सिग्नल घेऊन त्यावरून कुठल्या जातीचा इंटरफिअरन्स आहे हे आपोआप ओळखायचं, असा विषय घेतला तर? आणि जात कळली की मग ठरवता येईल, दुर्लक्ष करायचं, वजा करायचा की पाना घेऊन वर चढायचं. गाईडना अलाइनमेंटचा एक धडा देईन, तेवढं चालेल त्यांना.

सॅनहोजेकर
आवडलं. माझ्या वरच्या शेजाऱ्याच्या भांडणाचा पण अर्थ तोच, रचना माहीत असेल तर वजा करता येतं. फक्त लगेच डीप लर्निंगच्या मागे लागू नका. पुण्याच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल अलिबागला उताणं पडेल. आधी साधी स्टॅटिस्टिक्स.

जुन्नरकर
साध्यावरून आठवलं. वीजवाहक तारांच्या इन्सुलेटरवर ठिणग्या पडतात त्याचे झटके खोडदला छळतात. त्यावर त्यांनी रिअल टाइम फिल्टर बसवलाय, सरासरी न घेता मध्यक घेतात आणि मध्यकापासून किती लांब गेला ते बघून तेवढाच सॅम्पल उडवतात. सरासरीला एक मोठा झटका पण बिघडवतो, मध्यकाला नाही. २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, शाळांची पोरं प्रयोग मांडतात, तिथले इंजिनिअर मोकळेपणाने बोलतात. या, रेल्वे नाही पण एसटी आहे.

हॅम्या
सुरुवातीला स्वस्तातला आरटीएल डाँगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या, १.७ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतो म्हणजे ७००, ८५०, ९०० च्या अपलिंक झाल्या. पण तो ८ बिटांचा आहे, जवळच्या टॉवरने लगेच गुदमरतो, सातारकरांच्या एलएनबीसारखा, आणि मग स्वतःच नसलेल्या फ्रिक्वेन्सीज दाखवतो. पुढे बँडपास फिल्टर लावल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग खरं मानू नका. आणि पहिलं रेकॉर्डिंग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा लोड लावून करा, म्हणजे लॅपटॉपचा कचरा किती ते कळेल. यूएसबी ३ ची केबल जवळ असेल तर २.४ गिगात तर फारच घाण करते.

मावशी_बोरिवली
थांबा थांबा, आमच्या राउटरला मागे हार्ड डिस्क लावलीय सिनेमांची, निळ्या खाचेत. ती काढू का?

सुपरहेट
निळी खाच म्हणजे यूएसबी ३. काढून बघा आणि इथे सांगा.

टॉवरवाला
सर, विषय चांगलाय, पण एक आधीच सांगतो नाहीतर नंतर रडाल. आमच्या सिस्टीममधून काउंटर (मोजणीचे आकडे) निघतात ते १५-१५ मिनिटांच्या सरासरीचे. दुकानांची वेळ त्यात दिसेल, वारा कदाचित दिसेल, पण १० मिलिसेकंदाचा ताल त्यात कधीच दिसणार नाही, तो सरासरीत विरघळून जातो. तुम्हाला कच्चे सॅम्पल पाहिजेत आणि ते कुठलीही कंपनी सहजासहजी देणार नाही, एक मिनिटाची फाइलच केवढी होते.

अर्धवट_शास्त्री
हे महत्त्वाचं सांगितलंत. मग असं करता येईल का, काउंटरवरून संशयित सेक्टर आणि तास हेरायचे, आणि फक्त त्या तासाला जवळच्या गच्चीवरून डाँगलने एक-दोन सेकंदांचे तुकडे रेकॉर्ड करायचे? फिल्टर लावून, हॅम्या काळजी नसावी.

टॉवरवाला
करता येईल. पण गच्चीवरून तुम्हाला टॉवरला जे ऐकू येतं तेच ऐकू येईल असं नाही, टॉवरची अँटेना ३० मीटरवर आणि एका दिशेला तोंड करून. त्याच दिशेची, शक्य तेवढी उंच गच्ची बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी मात्र तुम्हीच काढायची, त्यावर थ्रीजीपीपीत काही सोय नाही.